अपील कोर्टाच्या उमेदवाराचा नवरा

...आणि पाट्या कुणी ठोकायच्या? मी! भर उन्हात, रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून, हातात हातोडा, पायाखाली लाल मुंग्यांचं वारूळ... आमच्या नॉर्थ कॅरोलायनातली लाल मुंगी चावली ना, की भला माणूससुद्धा चर्चमध्ये उच्चारू नयेत असे शब्द उच्चारतो... आणि पाटीवर नाव कुणाचं? माझ्याच बायकोचं! 'रोवेना गॅस्किल, अपील कोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी'! अहो, हेच नाव मी तरुणपणी फेरीबोटीच्या कठड्यावर चाकूनं कोरलं होतं, कप्तानाच्या शिव्या खाऊन, प्रेमानं! आणि आता तेच नाव गटाराच्या कडेला ठोकत फिरायचं, 'मत द्या, मत द्या' म्हणून. बरं, नाव आहे, पण बाई कुठाय? बाई नाही! बाई गेलेली असते कुठल्यातरी गावी, रताळ्यांच्या जत्रेत, अनोळखी लोकांचे हात हातात घ्यायला. तुम्हाला सांगतो, मी या जगाकडे मागितलं काय होतं? बायको! आणि तीही दुसऱ्या कुणाची नाही हो... माझीच!

आयुष्यभर मी फेरीबोट चालवली. पॅमलिको नदीवर. गाड्या भरायच्या, त्या काठाला सोडायच्या, तिकडच्या भरायच्या, या काठाला आणायच्या. एक आठवडा बोटीवर, एक आठवडा घरी. आणि योग असा, की मी घरी असलो की वकीलबाईंचा, म्हणजे हिचा, कोर्टात खटला उभा, आणि हिला सुट्टी असली की मी पाण्यावर. संध्याकाळच्या खेपेला नदीतून आमच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसायचा. एवढासा, पिवळा. रोवेना त्याच्याखाली बसून एकटी जेवत असणार. जवळ यायचा यायचा दिवा... आणि तेवढ्यात बोट वळवायची वेळ! मी मनात म्हणायचो, होलिस, थांब जरा. एकदा निवृत्त झालास की रोज त्या दिव्याखाली दोघांनी बसायचं. मध्ये तळलेला मासा, मक्याचा गरम पाव, समोर रोवेना. बास! माझं स्वर्गाचं चित्र एवढंच होतं. पंख-बिंख काही नकोत.

झालो निवृत्त! शुक्रवारी. केक कापला, टोपी घातली, भाषणं झाली, एक जण तर रडलासुद्धा. आणि सोमवारी सकाळी फोन! कोण? राज्याचे गव्हर्नर! 'बाई, राजधानीत, रॅलेच्या अपील कोर्टातले एक म्हातारे न्यायाधीश निवृत्त झाले आहेत, त्यांच्या जागी तुम्हाला नेमावं म्हणतो...' आता बघा हा न्याय! तिकडे एक म्हातारा निवृत्त होऊन आपल्या बायकोकडे घरी गेला, म्हणून इकडे माझी बायको घराबाहेर!

तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मला म्हणायचं होतं, नको जाऊस. पण तिचे डोळे असे चमकत होते हो... माझ्या तोंडातून निघालं, 'जा की! मी आहे ना इथं.' हो, मी इथं! म्हणूनच तर म्हणतो!

बरं, नुसतं रॅलेला जायचं असतं तरी चाललं असतं. सोमवार ते शुक्रवार तिकडे भाड्याच्या खोलीत, शनिवार-रविवार माझी. पण गव्हर्नरांनी नेमलं तरी पुढच्या निवडणुकीत उभं राहावं लागतंच. न्यायाधीशाला! आणि उभं राहायचं तर पक्षाचं नाव लावून! मधली काही वर्षं नव्हते हो लावत. नुसतं नाव, कोरं. मग पुन्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की लोकांना कळायला नको का, हा न्यायाधीश हत्ती निशाणीवाल्यांचा की गाढव निशाणीवाल्यांचा? आता माझी बायको हत्ती की गाढव, ते मी तुम्हाला सांगणार नाही. का? कारण सांगितलं की तुमच्यातले अर्धे लोक पुढचं ऐकायचेच नाहीत! चेहऱ्यावरून दिसतंय मला!

आणि ती मतपत्रिका बघितलीत? एवढी लांब! वरती मोठमोठी माणसं, राष्ट्राध्यक्ष काय, गव्हर्नर काय, आणि खाली खाली खाली उतरत, लोकांचा हात दुखायला लागला की मग येतं अपील कोर्ट. आणि त्याच्याही खाली, पार शेवटाला, कोण? माती आणि पाणी संवर्धन मंडळ! आणि तुम्हाला सांगतो, त्या मंडळाच्या माणसाला पक्ष नाही! खरंच नाही, जाऊन बघा! तो आपला नुसता नावावर निवडून येतो. म्हणजे आमच्याकडे चिखलाला पक्ष नाही... आणि न्यायाला आहे!

तर प्रचार. समुद्रापासून डोंगरापर्यंत अख्खं राज्य. मी ड्रायव्हर, मी पाट्या ठोकणारा, मी फुगे फुगवणारा. आणि उमेदवार कशी? तर आजवर कुणी बघितली नसेल अशी! कारण न्यायाधीशाला वचन देता येत नाही. कशाचंच! रस्ता करून देते म्हणता येत नाही, कर कमी करते म्हणता येत नाही. आमची पहिली सभा. एक शेतकरी उठला, टोपी काढली, म्हणाला, 'जजबाई, निवडून आलात तर काय करणार?'

ही म्हणते, 'कागद वाचणार.'

'ते झालं हो. पण करणार काय?'

'दोन्ही बाजूंचं ऐकणार.'

'आणि मग?'

'मग आणखी वाचणार.'

'मग आमच्या बाजूनं निकाल देणार?'

'तुमची बाजू कोणती, ते मला अजून माहीत नाही ना!'

टाळ्या? अहो, तिथं कुणाचा हात हलला असेल तर तो माशी हाकलायला!

आणि लेक्सिंग्टनला तर कहर. तुम्हाला ठाऊकच आहे, आम्ही किनाऱ्याकडचे लोक भाजलेल्या डुकरावर नुसतं व्हिनेगर घालणार, आणि ते पश्चिमेकडचे त्यात टोमॅटो घालणार, आणि या एका टोमॅटोवरून आमच्या राज्यात सोयरिकी मोडल्यात. तर भर जत्रेत, शेकडो लोकांसमोर, एक जाडजूड गृहस्थ कागदी ताटली घेऊन आला आणि म्हणाला, 'जजबाई, खाऊन बघा. आता खरं सांगा, आमचं चांगलं की तुमचं?' दुसरा कुठलाही उमेदवार असता तर त्यानं बोटं चाटून, डोळे मिटून, 'तुमचंच!' म्हटलं असतं. आमची बाई! नीट चावून खाल्लं. रुमालानं ओठ टिपले. आणि म्हणाली, 'हा वाद उद्या माझ्यासमोर येऊ शकतो. तेव्हा आत्ता मत देणं उचित नाही.' तुम्हाला सांगतो, असली शांतता मी फक्त धुक्यात अडकलेल्या बोटीवर ऐकलीय. एका कुत्र्यानंसुद्धा आमच्याकडे पाठ फिरवली!

मग तो जाडजूड गृहस्थ गेला पलीकडच्या तंबूत. तिथं समोरचा उमेदवार. गार्लंड टटल. उंच, वाकलेला, डोंगराकडच्या कुठल्याशा जिल्हा कोर्टाचा जज. 'तुम्ही सांगा साहेब!' त्यानंही खाल्लं, घसा खाकरला, आणि काय म्हणाला? 'आत्ता मत देणं उचित नाही.' शब्दाला शब्द! आणि त्याच क्षणी तंबूच्या मागून एका बाईचा आवाज आला, 'अरे देवा! गार्लंड!'

तो आवाज ऐकला आणि मला वाटलं, हे तर माझंच काळीज बोललं! मागे जाऊन बघतो तर घडीच्या खुर्चीवर एक ठेंगणी बाई, पायातले बूट काढून ठेवलेले, मांडीवर चीज आणि लाल मिरचीच्या सँडविचचा डबा. म्हणाली, 'बसा. तुमचं कोण?'

'बायको. तुमचं?'

'नवरा.' आणि अर्धं सँडविच माझ्या हातात दिलं. मग हळूच विचारते, 'तुमच्या हरतील का हो?'

मी म्हटलं, 'देवाची कृपा झाली तर! आज बघितलंत ना कसं पाडलं स्वतःला?'

'छे छे,' ती म्हणाली, 'हरणार आमचेच. तुमच्या बाईंना निदान हसता तरी येतं. आमचा माणूस लहान मुलाला उचलून घेताना असा धरतो, जसा काही पुरावा आहे!'

'अहो, पण आमची बाई भाषणाच्या शेवटी म्हणते, माझ्याबद्दल शंका असेल तर दुसऱ्यालाही ऐकून घ्या!'

'हे तर काहीच नाही! आमच्यांनी काल तुमच्या बाईंच्या एका निकालाची तारीफ केली. सभेत! माईकवरून!'

आणि मग आम्ही दोघं हसलो, एवढे हसलो की तिचा डबा पडला. ती नेडीन टटल. सफरचंदांची बाग आहे तिची डोंगरात. दर शनिवारी ती आणि गार्लंड गावच्या हॉलमध्ये नाचायला जायचे, लग्नाच्या आधीपासून. म्हणाली, 'तो कोर्टात खांब आहे हो, नुसता खांब. पण फिडल वाजलं की पाय असे सुटतात... आता शनिवारी सगळ्या राज्याचा हात धरतो. माझा सोडून.' आणि गवताकडे बघत बसली. मी मनात म्हटलं, ही बाई काय मागतेय? नवरा! आणि तोही दुसऱ्या कुणाचा नाही... तिचाच!

त्यानंतर प्रत्येक जत्रेत, प्रत्येक मिरवणुकीत, पुढे ते दोघं हात हलवताहेत आणि मागे आम्ही दोघं आपापला माणूस हरावा म्हणून देवाला साकडं घालतोय. बेन्सनच्या खेचरांच्या मिरवणुकीत तर दोन्ही पक्षांत वाद लागला, की खेचर हे गाढवाचं पोर, तर हत्तीवाल्यांनी त्याच्या गाडीत बसावं का? आणि घोड्याचंही पोर, तर गाढववाल्यांनी तरी का बसावं? शेवटी दोघंही पायी चालले, गप्पा मारत, कसल्या तरी जुन्या निकालावर, लोकांकडे बघायचंच विसरले! नेडीन माझ्या कोपराला ढोसून म्हणाली, 'हरले! दोघंही हरले!' आणि मग एकदम चालायची थांबली. कारण तीच तर पंचाईत होती ना हो... दोघं हरू शकत नव्हते. कुणातरी एकाला जिंकावंच लागणार होतं!

आता सप्टेंबरातली गोष्ट. एका सोमवारी रोवेना चष्मा घरी विसरून रॅलेला गेली. वाचायचा चष्मा! एक वेळ तिचा हात तोडला तरी चालेल, पण चष्मा... निघालो मी गाडी घेऊन. कोर्टात पोचलो तर सुनावणी सुरू. तीन न्यायाधीश काळ्या झग्यात, मधली ही, कुणाचा तरी उसना चष्मा नाकावर. मी मागच्या बाकावर बसलो. पुढच्या बाकावर एक तरुण बाई, पाठमोरी, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. खटला तिचाच होता. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बालकल्याण कचेरीनं तिची मुलं काढून घेतली होती, खालच्या कोर्टानं तिच्यापासून कायमची तोडली होती. असल्या खटल्यात नावसुद्धा छापत नाहीत. नुसतं 'आई' म्हणतात. काउंटीचा वकील बोलतोय बोलतोय, कलमं काय, तारखा काय, बोलण्याची नुसती गिरणी. आणि रोवेनानं एक बोट वर केलं. एवढंसं. म्हणाली, 'वकीलसाहेब, तुमचा माणूस तपासणीला गेला त्या दिवशी मुलं कुठं होती?'

वकील कागद चाळायला लागला. एक बाजू, दुसरी बाजू... 'ते... नोंदीत दिसत नाही, बाई.'

'हो,' ती म्हणाली, 'मलाही नाही दिसलं.'

बास, एवढंच. पण समोरच्या त्या बाईची पाठ अशी ताठ झाली हो, जशी काही इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या मुलांबद्दल विचारलं होतं. आणि मी रोवेनाकडे बघितलं. तो चेहरा! लग्नाआधी ती माझ्या बोटीवर यायची, अगदी टोकाला उभी राहायची आणि पाण्याकडे असं बघायची, की वाटायचं नदीनं आता उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. त्या चेहऱ्यासाठी तर मी कठडा कोरला होता! मला वाटत होतं, तो चेहरा वयानं गेला, संसारात झिजला... गेला नव्हता हो. तो इथं राहत होता. रॅलेत, त्या उंच खुर्चीवर. मला त्या खुर्चीचा हेवा वाटला, लाकडाच्या खुर्चीचा! चष्मा शिपायाकडे दिला आणि तसाच परत आलो. सगळ्या रस्त्यात रेडिओ लावला नाही.

पुढच्या जत्रेत मी नेडीनला हे सांगितलं. म्हटलं, 'तिनं हरावं असं मला आता मनापासून वाटेना गं.' तिनं हातातलं सफरचंद कापून माझ्यासमोर ठेवलं. मग म्हणाली, 'मी गार्लंडच्या कोर्टात कधी गेले नाही. आणि आता तर जाणारच नाही.'

'का?'

'तुझ्यासारखं झालं तर?'

आणि मग ऑक्टोबर. रविवारची दुपार, आम्ही दोघं ओसरीत, किती दिवसांनी! मी मासा मुरवत ठेवलेला. आणि गाडी थांबते कुणाची? ड्युई स्पायवीची! आमच्या पक्षाचा काउंटीतला म्होरक्या. तोंडात साखर घोळत बोलणारा माणूस. गार चहा घेतला, नदीची तारीफ केली, माझ्या तब्येतीची चौकशी केली, आणि मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, 'रोवेना, तो एक खटला आहे ना तुमच्याकडे, त्या आईचा... निकाल काय असेल तो असो, मी कोण विचारणारा! पण जरा नोव्हेंबरनंतर लावता आला तर? काउंटीची सगळी माणसं आपलीच आहेत, तीही उभी आहेत. उगाच पेपरात छापून यायला नको. चार आठवड्यांनी कुणाचं काय बिघडतंय?'

रोवेनानं पेला खाली ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाली, 'ड्युई, ऊठ. तू हे बोललास ते मी कोर्टाला कळवणार आहे. आणि कळवताना मला सांगायचंय, की तुला उठवलं तेव्हा तुझा चहा अर्धा राहिला होता.'

'अगं, पण मी तुझ्याच भल्यासाठी...'

'चार आठवड्यांनी कुणाचं काय बिघडतं, ते मुलांना विचार.'

गेला तो. गाडीच्या धुळीत आमच्या पाट्या दिसेनाशा झाल्या. मी म्हटलं, 'रोवेना, तू हरणार.' ती म्हणाली, 'ठाऊक आहे.' आणि मासा जेवायलाही आली नाही. आत जाऊन लिहीत बसली. मी त्या दिव्याखाली एकटा जेवलो. बघा कसं असतं! नदीतून तिचा दिवा बघायचो तो मी, आणि आता दिव्याखाली बसलेला मी, आणि ती पैलतीरी!

वेळच्या वेळी निकाल लागला, ऑक्टोबरातच. तिन्ही न्यायाधीशांचं एकमत, लिहिला हिनं. काउंटीनं नीट चौकशीच केली नाही, पुन्हा सुनावणी घ्या, तोवर मुलांना आईला भेटू द्या. बस्स, दुसऱ्या दिवसापासून आमचे फोन बंद! पक्षाची माणसं रस्त्यात दिसली की त्यांना एकदम दुकानात शिरायचं सुचायचं. आणि टीव्हीवर जाहिरात आली. गार्लंडच्या बाजूच्या कुठल्याशा पैसेवाल्यांनी काढलेली. हिचा कुठला तरी शिंकायच्या आधीचा फोटो, पाठीमागे ढोल, आणि तो खर्जातला माणूस, 'रोवेना गॅस्किल... मुलांपेक्षा तिला कोण प्रिय?' अहो! रोवेना! जी रस्त्यातल्या कासवाला उचलून पलीकडे ठेवते आणि वर त्याचं तोंड ज्या दिशेला होतं तिकडेच करून ठेवते!

आणि गार्लंड टटलनं काय करावं? रेडिओवर जाऊन सांगितलं, 'ती जाहिरात चुकीची आहे. मी तो निकाल वाचला. मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं.' झालं! आता त्याचेही फोन बंद! नेडीननं मला फोन केला, आनंदानं रडतेय, 'होलिस, हरला! आता नक्की हरला! त्याच्या पक्षाचे लोक आमच्या दारावरून तोंड फिरवून जाताहेत!' आणि मग हळूच म्हणाली, 'काय माणूस आहे रे... मी उगाच नाही त्याच्याबरोबर नाचले.'

मतदानाचा दिवस. मी केंद्राबाहेर, आखून दिलेल्या रेघेच्या अलीकडे, पाटी घेऊन उभा. आमचा शेजारी एमेट आला. वादळात आमचं छप्पर उडालं तेव्हा स्वतःच्या घरावरची ताडपत्री काढून आमच्यावर घालणारा एमेट! मी म्हटलं, 'एमेट, रोवेनाला विसरू नकोस.' तो बुटांकडे बघायला लागला. म्हणाला, 'होलिस, बाई सोन्यासारखी आहे. माझं मृत्युपत्र तिनंच केलंय, पैसे न घेता. पण... पक्ष चुकलाय रे तिचा!' आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून आत गेला. राग आला असता तर बरं झालं असतं. पण त्याला खरंच वाईट वाटत होतं हो!

मग मी आत गेलो. ती लांबलचक मतपत्रिका, उतरत उतरत गेलो खाली. रोवेना गॅस्किल. शेजारी एक छोटंसं रिकामं अंडं, काळं करायला. हात थांबला. तुम्हाला सांगतो, अगदी खरं सांगतो, थांबला. मासा दिसला, पाव दिसला, दिवा दिसला, आणि तिची समोरची खुर्ची. एवढं अंडं कोरं ठेवलं की झालं... आणि मग ते वर केलेलं बोट दिसलं. इतकं काळं केलं मी ते अंडं, की कागद फाटायचा राहिला!

हरली.

आणि कशानं हरली, सांगू? त्या निकालानं नाही. जाहिरातीनं नाही. ड्युईनं नाही, टोमॅटोनंसुद्धा नाही! त्या वर्षी वारंच समोरच्या पक्षाचं होतं. वरपासून खालपर्यंत सगळे तेच आले, ओळीनं, जसे काही एकाच दोरीला बांधलेले. गार्लंड रेडिओवर आणखी दहादा गेला असता तरी आला असता, आणि हिनं निकाल लांबवला असता तरी पडली असती. आम्ही काहीही केलं नसतं तरी चाललं असतं! त्या लाल मुंग्या फुकट चावल्या मला!

सकाळी फोन. नेडीन. 'आठ वर्षं, होलिस,' ती म्हणाली. 'आठ वर्षं रॅलेला.'

मी म्हटलं, 'अभिनंदन, नेडीन.'

'गप्प बस,' म्हणाली, आणि फोन ठेवला.

मग जानेवारीत माझी बायको घरी आली. खोक्यात पुस्तकं, झगा घडी करून वर ठेवलेला. आणि मी मासा तळला! पाव केला! दिवा लावला! ती समोर बसली. तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांची वाट बघणं एका टेबलाशी येऊन बसलं होतं. मी विचारलं, 'कसा झालाय?' ती म्हणाली, 'छान.' घास घेतला. खिडकीतून नदीकडे बघितलं. मी म्हटलं, 'मीठ?' म्हणाली, 'बरोबर आहे.' ...बरोबर आहे! अहो, आयुष्यभर जिनं माझ्या मिठावर हरकत घेतली ती बाई! मला वाटलं, हिला काहीतरी होतंय.

आणि मग मला कळलं. मंगळवारी निकाल लागतात ना अपील कोर्टाचे, ते कॉम्प्युटरवर येतात. मंगळवार आला की ही सकाळपासून अंघोळ करून, चष्मा लावून तयार. गार्लंडचे निकाल वाचायची, हातात पेन्सिल. 'बरं लिहितो,' म्हणायची. 'हे वाक्य मी तोडलं असतं... पण बरं लिहितो.' आणि मध्येच कधीतरी, भांडी पुसताना, 'होलिस, ती मुलं गेली असतील का रे घरी?' आता मला काय ठाऊक! ते कोर्ट कुणाला सांगत नाही. मी म्हणायचो, 'गेली असतील.' ती म्हणायची, 'नोंदीत दिसत नाही.' आणि ताटली पुसत राहायची, कोरडी झाली तरी.

मी मागितलं काय होतं? बायको! मिळाली की हो! समोर बसलीय, जेवतेय, माझ्या पायावर पाय ठेवून टीव्ही बघतेय. पण जी मागितली होती ती कुठाय? ती तिकडेच राहिली, रॅलेत, एक बोट वर करून. आणि इथं ही दुसरीच कुणीतरी, मिठाला बरोबर म्हणणारी...

शेवटी एका मंगळवारी मीच म्हटलं, 'रोवेना, पुढच्या खेपेला अपील कोर्टाची एक जागा निघतेय म्हणे. उभी राहा.'

तिनं पेन्सिल खाली ठेवली. 'नको रे. तुला मी घरी हवी ना?'

'हवीस. पण तू घरी आलीच नाहीस अजून.'

ती माझ्याकडे बघत राहिली. आणि तुम्हाला सांगतो, आला! तो चेहरा आला, माझ्या स्वयंपाकघरात, दिव्याखाली, पहिल्यांदा! मी डोळे भरून बघतोय, आणि ती म्हणते कशी, 'होलिस... मी परवाच अर्ज भरून आले. तुला कसं सांगावं तेच सुचत नव्हतं.'

घ्या! घेतला हातोडा, निघालो.

आणि माझं नशीब बघा, समोरचा उमेदवार या खेपेला कोण असावा? ब्रह्मचारी! ना बायको, ना बहीण, ना मावशी! त्याच्या तंबूमागे चिटपाखरू नाही हो! मग मी बोलायचं कुणाशी? ...म्हणून तर मघापासून तुम्हाला आमच्या तंबूमागे धरून बसवलंय. घ्या, सँडविच घ्या. तिचं भाषण संपायला अजून वेळ आहे... आत्ताशी कुठं समोरच्याची बाजू सांगतेय!